दाद

भदौरिया बाईंनी माझ्या हातावर भिंग धरलं
आणि म्हणाल्या, "दाद है."
क्षणभर वाटलं, कुणीतरी कौतुक केलं.
आमच्याकडे दाद मैफलीत देतात, मान हलवून.
ग्वाल्हेरात ती खाजवतात.

आई असती तर गजकर्ण म्हणाली असती,
आत्या नायटा.
वर्तुळ मात्र एकच,
रुपयाएवढं, कडेला लाल, मधे साळसूद,
कोपराच्या खोबणीत
जिथे तपकीर हनुवटी टेकून झोपते.

"घर में कौन-कौन है?"
मांजर आहे, म्हटलं.
"और?"
पेन थांबलं.
एवढंच, म्हटलं.
मग ते पुढे सरकलं.

त्याआधी मी फालका बाजारातली ट्यूब चोळत होते,
चाळीस रुपयांत तीन औषधं.
खाज गेली, डाग विझला,
आणि पंधरवड्यानं दंडावर उगवला
दोन पिल्लं बरोबर घेऊन.
बाईंनी ती ट्यूब झुरळासारखी चिमटीत धरली
आणि बादलीत टाकली.

गुरांच्या दवाखान्यात तोमर डॉक्टरांनी
खोलीतले दिवे घालवले, जांभळा दिवा लावला.
तपकिरीच्या कानामागचे चार केस
अंधारात हिरवे पेटले.
"देखिए गुलवानी जी."
(गुळवणी. पण इथे ळ कुणाच्या तोंडात मावत नाही,
अर्धं शहर मला सिंधी समजतं.)
मी पाहिलं.
सांगू नये, पण मला ते सुंदर वाटलं.

मग पौष, धुकं,
आणि आठवड्यातून दोनदा गंधकाचं पाणी.
जिनाभर नासक्या अंड्यांचा वास.
खालच्या कुशवाह काकूंनी
गॅस गळतोय म्हणून माणूस बोलावला.
त्यानं माझी शेगडी तपासली, नळी तपासली,
शेवटी मांजर हुंगलं आणि न बोलता गेला.
पिवळी, ओली, गळ्यात प्लास्टिकचा कर्णा,
तपकीर माझ्याकडे अशी बघत होती
जसे आमच्या बँकेचे वसुलीवाले
तिसऱ्या नोटिशीनंतर बघतात.

बुरशीचं बी वर्षभर तग धरतं म्हणे,
धुळीत, गळलेल्या केसात, सोफ्याच्या शिवणीत.
केरसुणी बंद, ओलं फडकं सुरू.
अभ्रे उकळले, गोधडी उकळली,
भावानं विणून घेतलेला लोकरी स्वेटरही उकळला,
तो आता तपकिरीला होईल.
ऊन मात्र नाही. गच्चीवर चादरी
चार दिवस गारठून उभ्या.

शाखेत श्रीवास्तवनं खुर्ची दोन फरशा मागे घेतली.
"सोडून या मुरैना रोडला," म्हणाला, "मांजरच तर आहे."
मी त्याचं व्हाउचर तीनदा परत केलं.
सही जुळत नव्हती. खरंच जुळत नव्हती.

तिची कॅप्सूल फोडून सायीत, सकाळी.
माझी गोळी जेवणानंतर, रात्री.
मधे मागच्या खोलीचं दार, बंद.
ती तिकडून दार खाजवते,
मी इकडून हात.
दोघींनी खाजवायचं नाही असं ठरलं होतं,
म्हणजे मी ठरवलं होतं.
एकदा रात्री दाराला पाठ लावून बसले
आणि दिवसभराचा हिशेब तिला सांगितला,
कोण आलं, किती भरले, कुणाचा चेक परतला.
पलीकडे कर्णा फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

सातव्या आठवड्यात दुसरा रिपोर्ट कोरा आला.
माझ्या हातावर आता फिकट कडं उरलंय,
चहाच्या कपानं टेबलावर उठतं तसं.
दार उघडलं.
तपकीर, म्हटलं. तपे. तपकू. ये.
तिनं दाद दिली नाही.
पलंगाखाली गेली ती तीन दिवस.

चौथ्या पहाटे धुक्यात कुठेतरी
दूधवाल्याची किटली वाजत होती,
आणि कोपराच्या खोबणीत वजन.
हाताला मुंग्या आल्या.
बँकेला उशीर होणार होता.