तोंड मऊ पाहिजे

बोरामणीच्या माळावर, बिरा धनगराच्या मेंढवाड्यापाशी
सात पिल्लं.
नरसय्याकाकांनी डोळ्यांचं काम बोटांना दिलंय,
दोन वर्षं झाली. मी आपला स्कूटर चालवायला.

बरगड्या मोजतात, नाकाचा ओलावा अंगठ्यानं चाखतात.
"टाळी वाजव बे." मी वाजवतो.
"कोण पळालं?" पांढरं.
"परत कोण आलं?" तेच.
"असू दे. ते घरचं, शिकारीचं न्हवं."

मग खिशातून लाव्याचा जुना पंख, दोऱ्याला बांधलेला,
मी कुसळांतून ओढायचा.
सहा झेपावली.
एक उभं राहिलं, पुढचा पाय अर्धा उचलून,
शेपटी सुतासारखी सरळ.
मी सांगितलं तसं काका गप्प झाले,
मागावर धागा तुटल्यावर व्हायचे तसे.

शेवटी त्याच्या तोंडात कोंबडीचं अंडं.
दुधाचे दात, लाळ,
आणि अंडं तसंच्या तसं काकांच्या तळव्यावर.
"तोंड मऊ पाहिजे. पाखराला कळताच कामा नये."

"बंदूक हाय का अजून?" बिरा विचारतो.

इलेक्शनला चौकीत जमा केली होती,
आणायला कोणी गेलंच नाही.

"मग कुत्रं कशाला?"

काका पिल्लू सदऱ्यात घालतात, वरचं बटण लावतात.
"हे थांबंल ना, तिथं पाखरू असंल.
मी ह्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहीन."

हैदराबाद रोडवर ट्रकमागून ट्रक.
सदऱ्यातून नाक बाहेर.
अंडं अजून काकांच्या मुठीत,
कोमट असावं.