किरकोळ

आहाराचं बघणारी जी मुलगी आहे
तिचं आडनाव पगार. कळवणकडची.
म्हणाली, काका, दिवसाला पंधराशे.
त्यात भागवायचं.
मी म्हटलं, आयुष्यभर पगारातच भागवलं की.
ती हसली नाही.
रोज कुणीतरी ऐकवत असणार तिला हे.

बत्तीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
तपासणी.
शाईचा वास येणारे तावच्या ताव डोळ्यांखालून जायचे,
नंबर सरकलेला, कडेला डाग पडलेला
बोटाला आपोआप कळायचा. बाजूला काढायचा.
रोज किती लाख, ते आठवत नाही.
भूक नसताना पुढ्यात आलेलं ताट, तसं होतं ते.
सुटताना दारावर झडती,
आणि बाहेर आल्यावर बिटकोपाशी
मेथीची जुडी तीनला देतोस का म्हणून घासाघीस.

आता वही घातली आहे.
म्हणजे जुनीच, हेमलताची, घरखर्चाची.
मागची पानं कोरी होती.
जमा पंधराशे.
चहा बिनसाखरेचा, तरी दुधाचे तीस जातातच.
पोळी एकशेदहा. दोन खाल्ल्या की दुपारीच हात आखडता.
साडेचारला पुन्हा बेरीज करतो,
महिन्याच्या वीस तारखेला करायचो तशी,
आकडा बदलेल या आशेवर.
जेलरोडवरून मुक्तिधामपर्यंत पायी, येऊन-जाऊन,
पावणेदोनशे जमा.
याला ओव्हरटाइम म्हणतो मी.
कधी उद्यातले शंभर आजच उचल घेतो.
उद्या येतो आणि कापून घेतो.

रविवारचं अवघड आहे.
आमच्या गावात रविवारी सकाळी
अख्खी घरं गाडीत बसून मिसळीला निघतात, मळ्यातल्या चुलीवरच्या,
काळा रस्सा, लाल रस्सा, पापड, वर दही,
एका ताटात माझा अर्धा दिवस.
म्हणून विचारलं पगारबाईंना,
सोमवार ते शनिवार शंभर शंभर मागे टाकले तर?
भिशीसारखे?
म्हणाल्या, नाही काका, शिल्लक पुढे ओढायची नाही.
मला कळलं लगेच. सरकारी माणूस मी.
रोज रात्री बारा वाजता
एकतीस मार्च.

परवा बुधवारी
गोळ्या आणायला गेलो आणि गुळाच्या जिलेबीपाशी थांबलो.
दोन. उभ्याउभ्या. कागदात.
दुसरी तर चावलीसुद्धा नाही नीट.
घरी येऊन वही उघडली
आणि हात न थांबता लिहून गेला:
किरकोळ, तीनशे.

मग थांबला.

वही मागे उलटत गेलो.
किराणा, दूध, रॉकेल, अमोघची फी, विम्याचा हप्ता,
आणि शेवटी, प्रत्येक महिन्यात, तिच्या तिरक्या अक्षरात,
किरकोळ चाळीस.
किरकोळ पंचेचाळीस.
एका दिवाळीत बासष्ट.
प्रत्येकाभोवती माझ्या पेन्सिलीचा गोल.
किरकोळ म्हणजे काय गं?
किरकोळ म्हणजे किरकोळ, म्हणायची,
आणि कुकरची शिट्टी मोजायला आत जायची.

मला ती चूक वाटायची.
बाजूला काढायची.

कुठे जायचे ते चाळीस रुपये?
कुणाच्या हातावर ठेवायची, की तीही अशीच
कुठे उभी राहून, पदराआड, घाईने.
खोडरबर घेतला. दोन-तीन गोल गेले.
बाकीचे कागदात मुरलेत,
जास्त घासलं तर ओळच फाटेल.

रात्री तिने चष्मा लावला. वही घेतली.
आजचं पान वाचलं, बराच वेळ वाचलं
इतक्या थोड्या ओळींच्या मानाने.
पेन्सिल शेजारीच होती.
"पाक लागलाय," म्हणाली, "पानं चिकटलीत."
मी म्हटलं, सोडव हळूच.
तिने वही तशीच मिटली
आणि दूध गार करायला ठेवलं,
साय काढून,
माझ्या वाटचं.