ग्रस्तास्त

लक्ष्मीपूजन काल झालं, पाडवा उद्या.
मधला हा दिवस भाकड.
आईनं चकलीच्या डब्यावर तुळशीचं पान ठेवलंय,
लोणच्याच्या बरणीवर एक, पिण्याच्या पाण्यात एक,
आणि उरलेलं, कुणाला न विचारता,
दादाच्या घडी घातलेल्या शर्टावर.

मी रंकाळ्यावर आलेय अशपाकभाईंच्या मागोमाग.
उद्यमनगरात वेल्डिंग त्यांचं, वहीतले आकडे माझे.
सगळीकडं शटर खाली,
म्हणून मुखवट्यातली काळी काच काढून
रुमालात बांधून आणलीय त्यांनी,
अंडं आणावं तशी.

बांधावर ही गर्दी.
एकानं आणलाय एक्स-रे, कुणाच्या तरी बरगड्या.
"ठेव ते खाली, डोळं जातील की रं!"
अशपाकभाई ओरडतात आणि आपली काच पुढं करतात.
मग ती हातोहात फिरते.
भेळवाला बघतो, कांदा चिरायचा थांबून.
किल्ल्याची माती अजून नखांत असलेली पोरं बघतात.
नव्या साडीतली एक बाई
आधी नवऱ्याला बघायला लावते, मग स्वतः.
जो तो "आयला" म्हणतो
आणि काच पुढं द्यायची विसरतो.

माझी पाळी येते.
काचेतला सूर्य हिरवा, बटणाएवढा,
कडेला मोडलेला,
जेवताना दारावर थाप पडली
आणि माणूस उठून गेला,
त्या ताटातल्या भाकरीसारखा.

अशपाकभाई बघत नाहीत.
"रोज टीचभर लांबून याचाच तुकडा पेटवतोय मी.
रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या.
आज सुट्टी हाय, तुम्ही बघा."
ते पाण्याकडं बघत बसतात,
पाण्यात सूर्य अख्खाच दिसतो, नुसता चकाकतो.

संध्यामठाच्या बाजूनं एक म्हातारी येते,
हाक तीच जुनी, आवाज बसलेला:
दे दान, सुटं गिराण.
मी दहाची नोट काढते.
"कुणाच्या नावानं गं, बाई?"
सूर्याच्या, मी म्हणते.

तेवढ्यात आईचा फोन.
"सुटला का गं?"

ती सूर्याचंच विचारतेय, मला कळतं.
खरं गेले तीन महिने
कळंब्याहून भेट घेऊन आले की
उंबऱ्यातच हेच विचारते, याच आवाजात,
आणि मी चपला काढता काढता सांगते
तारीख पडली, साहेब रजेवर, कोर्टाला दिवाळीची सुट्टी.

"न्हाई अजून."
"मग आंघोळीचं पाणी कवा तापवू?"

पंचांगात याला शब्द आहे. ग्रस्तास्त.
धरलेला असतानाच मावळणं.
पलीकडच्या उसावर धुरकट तांबूस,
त्यात तो तसाच उतरतो, मोडक्या कडेनिशी,
आणि बांधावरची माणसं
गाड्यांच्या किल्ल्या शोधू लागतात.
मोक्ष होणार म्हणे, खाली कुठंतरी,
आपल्याला न दिसता.
त्याचीही वेळ छापलीय, मिनिटासकट.

काच परत येते तेव्हा
तिच्यावर पंचवीस-तीस अंगठे, चिंचेचा एक डाग.
अशपाकभाई शर्टाच्या टोकानं पुसतात,
गाठ मारतात. "परवा ये. हिशोब ऱ्हायलाय गुळव्यांचा."

घरी परसात बंब पेटलाय.
आई ढलप्या सारतेय, धुरानं डोळे बारीक.
आम्ही दोघीच.
मी झाकण उचलून बघते.
पाणी काठोकाठ,
तिघांना पुरेल एवढं.