शेरा

ओढ्याकाठी रेघ ओढायची, एवढंच माझं काम.
तांबडी रेघ: हिच्या आत घर बांधू नये.
पिवळी: बांधावं, पण तळघराला खिडकी ठेवू नये.
नकाशावर रेघ अर्धा मिलिमीटर जाड.
ओबरग्रीस गावात अर्धा मिलिमीटर म्हणजे एक मीटर,
म्हणजे एक पाळणा,
किंवा कोटांचं कपाट, दारासकट.

सप्टेंबरात तीन दिवस वर चढत होतो, मी आणि वेंडेलिन.
त्याची ही पहिलीच खेप. बूटही नवे, चावणारे.
शंभर दगड मोजायचे, न निवडता,
बुटाच्या टोकाला लागेल तो उचलायचा.
"त्रेचाळीस," तो ओरडायचा, "सतरा. एकशे दहा.
हा मोजू का? हा तर गाईएवढा आहे."
मोज म्हटलं.
हाही काही स्वतः चालत आला नाही इथवर.

मूक साक्षीदार म्हणतात आमच्या धंद्यात त्यांना:
स्प्रूसच्या सालीवरचा जुना घाव,
नेहमी ओढ्याच्या वरच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर.
गळ्यापर्यंत खडीत पुरलेलं आल्डर,
तरी पानं फुटलेलं.
खोडात पोकळ गिरमीट फिरवलं,
पेन्सिलीएवढी काडी निघाली, ओली, राळेच्या वासाची.
वेंडेलिननं भिंग लावून दोन घावांमधली वर्षं मोजली.
चौसष्ट. मग एकोणीस. मग एकतीस.
"म्हणजे पुढचा कधी?"
झाड सांगत नाही.
मी सांगते: दीडशे वर्षांतून एकदा.
लोकांना ऐकू येतं: अजून दीडशे वर्षं आहेत.

खाली गावच्या सभागृहात नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर बिअरचे चार ग्लास.
बेकर गेबहार्डनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"रेघ माझ्या भट्टीच्या कुठल्या बाजूनं जाते?"
मधून.
"मग पाव अर्धे तांबडे भाजू, अर्धे पिवळे?"
कुणी हसलं नाही. तोही नाही.
महापौर हळूच म्हणाले, "दोन मीटर सरकवा हो, बाई.
दोन मीटरनं पाण्याला काय फरक पडतो?"
पाण्याला काहीच पडत नाही.
म्हणून तर सरकवत नाही.

नोटबुर्गा सभेला आली नव्हती.
तिचं घर सगळ्यात वर, पुलाच्या अलीकडे,
वय अठ्ठ्याऐंशी, डावा कान गेलेला.
सूपमध्ये शिळ्या पावाचे गोळे वाढता वाढता तिनं विचारलं,
काय काय मोजलंत?
उतार, म्हटलं. दगड. पात्राची रुंदी.
"आणि आवाज?"

"पाऊस कोसळतोय आणि ओढा गप्प झाला,
तर समजायचं. वर कुठंतरी झाडं आडवी पडली आहेत,
तो त्यांच्यामागे साठतोय.
मी मेंढ्यांचं दार उघडलं आणि चढाकडे पळाले.
माझी बहीण बूट घालत बसली."
एवढंच.
मग वेंडेलिनच्या ताटलीत, तो नको म्हणत असताना,
आणखी एक गोळा.

फॉर्ममध्ये रकाने आहेत:
पाणलोट क्षेत्र, उतार, गाळाचं घनफळ
(अठरा हजार घनमीटर, कमी-जास्त दोन हजार).
गप्प होण्याला रकाना नाही.
शेवटी 'शेरा' आहे, दीड ओळीचा.
बारीक अक्षरात तिथं लिहिलं:
भर पावसात ओढा थांबला तर वाट पाहू नये.
साहेबांनी बाजूला पेन्सिलीनं विचारलं: आधार काय?
मी लिहिलं: साक्षीदार क्रमांक सात.
मूक नाही.

आज पाऊस आहे, इथं शहरातही.
चौथा मजला, रात्रीचा दीड.
ओढा इथून सत्तर किलोमीटर,
तरी खिडकी उघडून बसले आहे.
पन्हळ वाहते आहे.
वाहते आहे अजून.