अज्ञात वाहन

आसोला ते पिंपरी नऊ किलोमीटर.
मला कधी तेवीस होतात, कधी एकतीस.
पेट्रोलचा हिशोब घरी मी खोटाच सांगते.

पोस्टाची थैली पायाशी,
थैलीत निराधारचे पैसे, अंगठ्याचं यंत्र,
एखादं रजिस्टर,
आणि स्कुटीच्या चाकाखाली
धप्प.

खड्डा होता.
खड्डाच होता, मला माहीत आहे,
बाभळीपाशी आहे तो, गेल्या पोळ्यापासून.
पण माहीत असणं
आणि पुरतं माहीत असणं
यांच्या मधून एक पोर आडवं धावतं,
पाच-सहा वर्षांचं, निळी चड्डी,
आणि मी गाडी वळवते.

बाभळीपाशी कोणी नाही.
नालीत कोणी नाही.
चाकावरून बोट फिरवते,
बोटाला नुसती काळी माती.
ठीक. निघते.
मग आठवतं,
पऱ्हाटीच्या तासांत वाकून पाहिलंच नाही.

जानेवारीत तर लोक
तूर कापून डांबरी रस्त्यावरच पसरतात,
येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी मळून निघावी म्हणून.
सगळ्यांची चाकं तिच्यावरून कुरकुरत जातात.
मी उतरते,
काठीने उचकून पाहते तुराट्या
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
खाली कोणी निजलेलं तर नाही.

लहानुजी धुऱ्यावरून ओरडले,
"काय पाहून राह्यली वं पोस्टवाली?"
मी म्हटलं, कानातलं पडलं.
तासभर शोधलं त्यांनी माझ्यासोबत.
दुसऱ्या दिवशी चाळणी घेऊन बायकोही आली.
"सापडलं," म्हटलं तेव्हा
दोघांनी ओंजळभर बोरं दिली मला.
ती बोरं अजून घशाखाली उतरली नाहीत.

ग्रामपंचायतीत पेपर येतो साडेनऊला.
मी आधी आतलं पान उघडते.
'अज्ञात वाहनाच्या धडकेत एक ठार.'
गाव वाचायच्या आत हात गार पडतात.
पोलीस शोधत असतील त्या वाहनाला.
मी इथे बसले आहे,
स्टँपवर शाई लावत.

आई मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकते.
"ठसका नाही आला पाय, लागलंच हाय तुले काई."
आला होता.
मी दाबून धरला,
तिला काहीतरी सापडावं म्हणून.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात
डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं, काठीसुद्धा.
म्हणाल्या, याला नाव आहे.
मला रडूच फुटलं.
बारा वर्षं चुकीच्या पत्त्यावर फिरलेलं टपाल
कोणी नावानिशी हातात द्यावं, तसं.

गोळी दिली, आणि घरचा अभ्यास:
धप्प झालं की वळायचं नाही.
भीती चढेल, चढू द्या.
ती दुधासारखी उतू जात नाही, ताई,
तापासारखी उतरते.

आज बाभळीपाशी
धप्प.

मान ताठ. दात दातांवर.
मागून ते पोर हाक मारत होतं,
आज तर त्याला आवाजही होता.
पिंपरीत भागीरथाबाईंचा अंगठा यंत्रावर टेकवला,
यंत्र म्हणे पुन्हा, पुन्हा.
"माहा हात तं हालत नाई वं," त्या म्हणाल्या.
हलत होता तो माझा.
चौथ्यांदा हिरवा दिवा लागला.
पैसे मोजून दिले. एकदाच मोजले.
निदान दोनदाच.

परतायचा रस्ता तोच आहे,
याचं डॉक्टरबाई काही बोलल्या नव्हत्या.
बाभळीखाली एक पोरगं
शेळ्यांना पाला पाडत होतं.
चड्डी लाल.
मी थांबले नाही.
म्हणजे, हळू केली.
पुढे मोरीपर्यंत गेले,
मोरीवरून एकदा परत आले,
त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी येऊन काटा वाचला:
जाऊन-येऊन एकोणीस.

वरचा एक
वहीत लिहून ठेवला आहे, खरा.