ओढायला किती जण

येलदरीच्या धरणाकाठी, बाभळीखाली
दोन होड्या उपड्या घातलेल्या,
घासून ठेवलेल्या परातींसारख्या.
कौतिका म्हणाली, “आधी पोटाला हात लावून बघा.
रंग काय, बैलाच्या शिंगालाबी लावतेत.”

मोठी हर्णैहून आली, ट्रकात बसून.
सतरा फुटी, नाक वर केलेलं,
लाटेला छाती द्यायला घडवलेली.
तिच्या सांध्यात अजून मिठाची रेघ होती,
बोट लावून चाखली. खरंच खारट.
आमच्या पूर्णेच्या पाण्याला लाट म्हणजे
चैतात दुपारून सुटतं ते वारं;
तेवढ्यालाही थर्माकोलच्या ताफ्यावर
वीस वर्षं जीव मुठीत धरून बसलो मी,
मांड्या ओल्या, कातडी पांढरी पडलेली.

धाकटी पिवळी. चौदा फुटी, बूड सपाट.
मागं इथं बोटिंग चालायचं, त्यातली.
कडेला अजून वाचता येतं:
‘नौकाविहार. माणशी वीस रुपये. लहान मुले अर्धे.’
बुडाला दोन ठिगळं,
एक निगुतीनं लावलेलं, एक घाईतलं.

खय्यूम मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर काढला,
मागच्या फळीत, जिथं इंजिन लटकतं, तिथं टोचला.
मोठीची फळी टणक.
पिवळीची आत गेली, भिजल्या खारकेसारखी.
“बदलावं लागंल. चार-पाच हजार धरा.”
मग ड्रमभर पाण्यात एकेक इंजिन टांगलं, दोरी ओढली.
मोठीचं पहिल्याच झटक्याला बोललं,
बाजूच्या भोकातून बारीक धार सोडू लागलं.
“थुंकतंय ना? मग जितं हाय.”
पिवळीचं अकराव्यांदा. आधी धूर.
मग थुंकलं तेही,
म्हाताऱ्यासारखं, थांबून थांबून.

सत्तर हजार. बेचाळीस हजार.
आमच्याकडं एकोणसत्तर होते:
सोसायटीचे, भिशीचे, आणि कौतिकाच्या भावानं
‘परत देऊ नका’ म्हणून दिलेले,
जे परत द्यावेच लागतात.
हजारासाठी कोण अडवतं?
मी तर मनात मोठीत बसलोही होतो,
मधल्या खोल पाण्यात जाळं सोडत होतो,
जिथं म्हणे कटला वासराएवढा होतो
आणि कुणी अजून पाहिलेला नाही.

तेवढ्यात कौतिका म्हणाली, “उचला.”
काय?
“टोक. हे मी धरते, ते तुम्ही.”

मोठी हलली नाही.
खय्यूमनं हात लावला, तेव्हा कडेखालून
बोटभर अंधार दिसला आणि एक विंचू पळाला.
पिवळी उठली. कुरकुरत,
पण गुडघ्याएवढी उठली.

“जून येईस्तवर पाणी कुठं जातं, ठावं हाय ना?”
ठावं आहे. पार बुडीत चिंचेच्या खोडाखाली,
मैलभर भेगाळ चिखल मागं टाकून.
रोज पहाटे ओढत न्यायची,
रोज ऊन चढल्यावर ओढत आणायची.
“अन् ओढायला किती जण?”

मी बोटं मोजू लागलो.
मी. ती. बापाचा एक चालता गुडघा.
वैजनाथ
आणि बोट तिथंच थांबलं.

वैजनाथ चाकणला गिअरबॉक्स जोडतो.
परवा फोनवर म्हणाला, मोठीच घ्या बाबा,
मी सुट्टीत येऊन चालवतो.
सुट्टी दिवाळीत.
दिवाळीत धरण काठोकाठ असतं,
तेव्हा काहीच ओढावं लागत नाही.

पिवळी घेतली. फळी बदलली सागवानाची.
माणशी वीस रुपये तेवढं खोडलं नाही;
कौतिका चढताना दर वेळी हात पुढं करते,
मी तिच्या तळव्यावर एक खवला ठेवतो.

वैजनाथला फोटो पाठवला तो पाण्याचा,
होडीत बसून काढलेला,
होडी दिसत नाही असा.
त्यानं अंगठा पाठवला.