रिकाम्या पोटी

सकाळी सहाला, मच्छीमार सोसायटीच्या आवारात,
बर्फाच्या कारखान्याला पाठ लावून
मी तपासणीची बस उभी करते.
कुरोसेचे लोक आधीच रांगेत असतात,
उपाशी, आणि म्हणून चिडलेले.
रात्री नवानंतर पाणीसुद्धा नाही.
साके पाण्यात धरतात का, हे दर जूनला
कुणीतरी विचारतंच.

एक पुडी, पोट फुगवणारी. वर पेलाभर खडूचं दूध.
मग काचेमागून, माइकवर, मी:
ढेकर गिळा. उजवीकडे वळा. अजून.
अजून थोडं. श्वास धरा.
ज्यांनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही
ते माझ्या शब्दावर तीन-तीनदा लोळतात.
टेबल डोक्याकडून खाली झुकतं,
ते कठडे धरतात,
वादळात धरावेत तसे.

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत.
पोटं राहतात.
मित्सुगोरोचं लांब, खाली लोंबणारं, गळासारखं.
चिझुकोबाईंचं आखूड, आडवं, बैलाच्या शिंगासारखं;
बाईही तशाच.

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं म्हणतात.
अकरा वर्षं मी इथे बसून बघतेय,
काही मुंगीच्या पायांनी येतात,
चपला दाराबाहेर काढून.
इसोजिरोचं तसं आलं होतं.
पोटातल्या वळ्या, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा,
एका जागी येऊन अडखळत होत्या.
तांदळाच्या दाण्याएवढी जागा.
मी सांगायचं नसतं. मी फक्त छायाचित्र काढायचं.
पुन्हा एकदा उजवीकडे वळा, म्हटलं.
"का? काय झालं?"
काही नाही. तुम्ही हललात.
तो हलला नव्हता.

माकूळ यायच्या आत तो परत बोटीवर होता.
आता दर जूनला माझ्या सीटवर
वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके माकूळ सापडतात.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

आमच्याकडे मोठ्या तपासणीला
'माणसाची गोदी' म्हणतात.
रांगेतले म्हातारे त्यावरून अजून हसतात.
पण बोट ते वर्षाआड जाऊ देत नाहीत:
ओढून घेतात, तळाची कालवं खरवडतात,
फळीफळीवर ठोकून कान लावतात,
आणि तेही ती धडधाकट असताना.
बुडालेली कोण गोदीत आणतं?

तोमेइचीलाही हे ठाऊक होतं.
पण त्या वर्षी तीन आठवडे वारा होता
आणि नेमका बसच्या दिवशी
समुद्र ताटात ओतल्यासारखा.
पुढच्या वर्षी, असा निरोप पाठवला त्याने.
मी असते तर मीही गेले असते.
पोटातली कळ त्याने अंगावर काढली,
हिवाळाभर, कुणाला न सांगता.
पुढच्या जूनला त्याची बायको एकटीच आली.
स्वतःचं पोट दाखवून झाल्यावर
एप्रनच्या खिशातून तिने त्याचं पाकीट काढलं,
आदल्या वर्षीचं, न फोडलेलं.
"हे कुठे द्यायचं?"
मी घेतलं. अजून बसमध्येच आहे,
रबरी हातमोज्यांच्या खोक्यामागे.

बाकी बहुतेकांना तीन आठवड्यांनी
चार शब्दांचं पत्र जातं: आक्षेपार्ह काही आढळले नाही.
लोकांना फसवल्यासारखं वाटतं.
एवढं उपाशी राहिलो, खडू प्यायलो,
दोन दिवस संडास पांढरी, आणि हाती काय, काही नाही!
मी म्हणते, भरपूर पाणी प्या.
त्या 'काही नाही'साठीच
मी एकशे चाळीस किलोमीटर बस हाकते,
हे माइकवर सांगता येत नाही.

माझी पाळी डिसेंबरात, मुख्य केंद्रावर.
तातेबे काचेमागे बसतो, माझ्याच आवाजात म्हणतो,
ढेकर गिळा.
मी देते. पुन्हा पहिल्यापासून.
मग पाकीट येतं.
ते मी फ्रीजवर ठेवते,
भात लावते, भांडी आवरते,
मग उघडते.